दोन डॉन

ईदच्या दुसऱ्या दिवशी, शीरखुर्म्याच्या वाट्या अजून धुवायच्या होत्या, तेव्हा आमच्या घरात न्यूयॉर्कमधल्या एका ऑफिसावरून जोरदार वाद झाला. त्या ऑफिसात शेवटी जिंकलं कोण, असा वादाचा मुद्दा.

ऑफिस खरं नाही, मालिकेतलं आहे. ‘मॅड मेन’ ही अमेरिकी मालिका. २००७ ते २०१५ या काळात तिकडच्या एएमसी वाहिनीवर आली, सात सीझन, ब्याण्णव भाग. न्यूयॉर्कच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवरची एक जाहिरात कंपनी आणि तिथली माणसं. कथा १९६०च्या मार्चमध्ये सुरू होते आणि १९७०च्या अखेरीस संपते. केनेडी निवडून येतो, मारला जातो, मार्टिन ल्यूथर किंग मारले जातात, माणूस चंद्रावर जातो, आणि हे सगळं होत असताना ही मंडळी लिपस्टिक आणि सिगारेट कशी विकायची या काळजीत असतात.

माझी भाची पुण्यात आयटी कंपनीत आहे. घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा लॅपटॉप घेऊन ती आमच्याकडे राहायला आली आणि तिनेच हे वेड घरात आणलं. इंग्रजी भराभर कानावरून जातं, म्हणून खाली अक्षरं लावून बघायचो. मध्ये रमजान आला तेव्हा महिनाभर लॅपटॉप बंद ठेवला. या मालिकेत सकाळी दहा वाजता माणसं पाणी प्यावं तशी व्हिस्की पितात. तरावीहनंतर ते बघणं काही मनाला पटेना. अम्मी एकदा हातात तसबीह घेऊन शेजारी बसली होती. पंधरा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, “ये लोगां काम कब करते गे?” मालिकेवरची इतकी नेमकी समीक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

तर ईदला बाजी आणि दुल्हाभाई आले. दुल्हाभाई बँकेतून निवृत्त झालेले. मुलीने त्यांनाही ही मालिका बघायला लावली होती, आणि चौतीस वर्षं बढत्या, बदल्या, युनियन आणि व्हिजिलन्स बघितलेला माणूस अशा मालिकेवर गप्प कसा बसेल?

त्यांचं म्हणणं, सगळी मालिका एका प्रसंगात आहे. पहिल्या सीझनच्या शेवटी पीट कॅम्पबेल नावाच्या महत्त्वाकांक्षी पोराला नायकाचं गुपित कळतं. नायक डॉन ड्रेपर, कंपनीचा सगळ्यात हुशार जाहिरातवाला. पण तो मुळात डॉन ड्रेपर नाहीच. कोरियाच्या युद्धात मेलेल्या आपल्या अधिकाऱ्याची ओळख उचलून तो नवा माणूस झालेला आहे. पीटला वरची जागा हवी असते. तो डॉनला सांगतो, जागा दे, नाहीतर वर जाऊन सांगतो. डॉन आधी घाबरून पळून जायच्या गोष्टी करतो, मग त्या जागेवर दुसऱ्याच माणसाला नेमतो. दोघं मिळून म्हाताऱ्या मालकाच्या, बर्ट कूपरच्या खोलीत जातात. त्या खोलीत सगळ्यांना बूट काढून जावं लागतं, त्यामुळे हा आयुष्य उद्ध्वस्त करणारा आरोप पीट नुसत्या मोज्यांवर उभा राहून करतो. कूपर सगळं ऐकून घेतो आणि थोडक्यात विचारतो, असेल, पण त्याचं काय? कोणाला पडलंय?

“बघा,” दुल्हाभाई म्हणाले, “आमच्या बँकेत असे किती पीट होते. फाइल घेऊन साहेबांकडे जायचे. त्यांना वाटायचं कागदात ताकद आहे. साहेबाला ती फाइल हवी आहे की नको, ताकद तिथे असते.”

मुद्दा बिनतोड होता. डॉन कंपनीला पैसा मिळवून देतो, तोवर तो कोण आहे याच्याशी कूपरला देणंघेणं नाही.

पण त्याच भागात आणखी एक गोष्ट घडते, ती दुल्हाभाईंच्या लक्षातही नव्हती. निवडणुकीच्या रात्री ऑफिसात दारूची पार्टी होते. पेगी नावाच्या सेक्रेटरीच्या लॉकरमधले पैसे चोरीला जातात. ती रीतसर तक्रार करते आणि इमारतीतल्या दोन निरपराध कामगारांची नोकरी जाते. पेगी डॉनच्या खोलीत येऊन रडते. नियमाने वागणाऱ्यांचं वाटोळं होतं आणि बाकीचे मोकळे फिरतात, असं काहीतरी म्हणते. ते ऐकूनच डॉनला पीटसमोर उभं राहायचं बळ येतं. त्याची खुर्ची वाचते. ते दोन कामगार परत येत नाहीत, त्यांचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. मी तो भाग दुसऱ्यांदा बघितला तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

भाचीचा पक्ष पेगीचा. तिच्या वयाच्या सगळ्या मुलींचा तोच असणार. ब्रुकलिनहून येणारी साधी पोरगी, पहिल्या दिवशी कोणी नीट बोलतही नाही तिच्याशी. लिपस्टिकच्या जाहिरातीसाठी ऑफिसातल्या मुलींना बोलावून रंग लावायला देतात, तेव्हा ती जे एक वाक्य सहज बोलून जाते त्यावर कंपनी चमकते. सीझन संपता संपता ती कॉपीरायटर होते. दुसऱ्या सीझनमध्ये फ्रेडी रम्सेन नावाच्या दारुड्या सहकाऱ्याला काढून टाकतात. पुढे ती सरळ मालकाकडे जाऊन त्याची रिकामी खोली मागते. आणि मिळते! मालकालाच नवल वाटतं, की इतकी सरळ मागणी बाकी कोणी केलीच नव्हती. तिसऱ्या सीझनमध्ये, १९६३ साली, समान कामाला समान वेतनाचा कायदा नुकताच झालेला असतो. पेगी डॉनला त्या कायद्याची आठवण करून देते. पगार वाढत नाही. चौथ्या सीझनमध्ये माझ्या कल्पनेवर तुम्हाला बक्षीस मिळालं आणि तुम्ही साधे आभार मानले नाहीत, म्हणून ती त्याच्यावर ओरडते. तो म्हणतो, पगार देतो तो कशासाठी?

“खाला, यही बोला था मेरा मॅनेजर. बिल्कुल यही,” भाची म्हणाली. तिच्या बापाने तिच्याकडे चमकून बघितलं. मॅनेजरची गोष्ट त्याला माहीत नव्हती.

मला पेगी आवडते. पण या वादात मी जोनचं नाव घेतलं आणि थोडा वेळ सगळे गप्प झाले, कारण जोन म्हटलं की लोकांना तिचं रूप आठवतं. मला तिच्या हातातली यादी आठवते. तिसऱ्या सीझनच्या शेवटी कंपनी एका मोठ्या धेंडाला विकली जाणार असते. तेव्हा हे चार-पाच पुरुष शनिवार-रविवारी आपलंच ऑफिस फोडून, फाइली उचलून नवी कंपनी काढायचं ठरवतात. सगळे मोठे मेंदू एकत्र जमतात आणि त्यांच्या लक्षात येतं, की कुठली गोष्ट कुठे ठेवलेली असते हे आपल्याला माहीतच नाही. मग जोनला फोन जातो. ती येते आणि कोणी काय उचलायचं हे सांगते. आमच्या शाळेत मुख्याध्यापक किती आले, किती गेले. क्लार्कबाई आठ दिवस रजेवर गेल्या तेव्हा शाळा थांबली होती.

या जोनच्या बाबतीत दुसऱ्या सीझनमध्ये एक भाग आहे. कंपनीत टीव्हीचा विभाग नवा नवा निघालेला असतो. मालिकांच्या संहिता वाचून त्यात जाहिरातदाराला अडचणीचं काही नाही ना, हे बघायला माणूस नसतो. हॅरी क्रेन हे काम तात्पुरतं जोनला देतो. ती घरी नेऊन रात्री वाचते, मीटिंगमध्ये बोलते, गिऱ्हाइकं खूश होतात. पहिल्यांदाच तिला कामाची गोडी लागल्याचं चेहऱ्यावर दिसतं. मग एके दिवशी हॅरी एका पोराला घेऊन येतो. हा आता हे काम बघेल, तू याला जरा समजावून सांग. जोन हसून बरं म्हणते. भागाच्या शेवटी ती घरी एकटी पलंगावर बसून खांद्यावर पट्ट्याचा पडलेला वळ चोळते. एक शब्द नाही.

माझ्या ओळखीत अशा किती बायका आहेत! निकालाचे तक्ते त्यांनी करायचे, बोर्डाची कामं त्यांनी करायची, आणि पर्यवेक्षकपदाचा प्रश्न आला की सेवाज्येष्ठता यादीतला एखादा दिवसाचा फरक शोधून काढायचा.

पुढे जोन कंपनीत भागीदार होते. ती कशी होते ते लिहायला माझी लेखणी धजत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे.

आता ज्या माणसासाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येते.

पाचव्या सीझनची सुरुवात १९६६ साली होते. रस्त्यावर काळ्या लोकांचा मोर्चा चाललाय, नोकऱ्या मागताहेत. समोरच्या मोठ्या जाहिरात कंपनीतली तरुण मंडळी खिडकीतून त्यांच्यावर पाण्याच्या पिशव्या फेकतात. हा प्रसंग लेखकाने रचलेला नाही. यंग अँड रुबिकम या कंपनीच्या खिडक्यांतून १९६६मध्ये खरोखर घडलेला आहे. मालिकेत आपल्या कंपनीची मंडळी त्या प्रतिस्पर्ध्याला टोमणा मारायला वर्तमानपत्रात जाहिरात देतात, की आमच्याकडे सर्वांना समान संधी आहे. नुसती थट्टा. पण दुसऱ्या दिवशी लॉबीत काळ्या मुली आणि मुलगे इस्त्रीचे कपडे घालून, अर्ज हातात घेऊन बसलेले दिसतात. थट्टा अंगाशी येते, आणि नाइलाज म्हणून एक सेक्रेटरी नेमली जाते. तिचं नाव डॉन. डॉन चेंबर्स.

इंग्रजीत नायकाचं नाव आणि हिचं नाव वेगळं लिहितात, हिच्या नावाचा अर्थ पहाट. पण देवनागरीत लिहा नाहीतर उर्दूत लिहा, दोन्ही डॉन सारखेच. आणि ही डॉन त्या डॉनचीच सेक्रेटरी. मालिकेतही या नावांवरून विनोद होतात. मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते, त्यामुळे मला या गोष्टीची फार गंमत वाटली. एक डॉन आपलं खरं नाव लपवून मोठा झाला. दुसरीला लपवण्यासारखं काही नाही, ती जी आहे ती दारातूनच दिसते.

त्याच सीझनमध्ये एका रात्री डॉन ऑफिसातच झोपलेली पेगीला सापडते. शहरात दंगलीचं वातावरण, शिकागोत नर्स मुलींचे खून झालेले, आणि हिला रात्री एवढ्या लांब घरी जायची सोय नाही. पेगी तिला आपल्या घरी नेते. बिअर पिऊन बहीण असल्यासारखी बोलते, आपण दोघी इथे सारख्याच, वगैरे. मग झोपायला जाता जाता तिची नजर टेबलावरच्या आपल्या पर्सवर जाते. पर्समध्ये बरेच पैसे आहेत. एक क्षण, फक्त एक क्षण, ती थांबते. उचलावी की नको? डॉन ते बघते. पेगीला कळतं की तिने बघितलं. पर्स तिथेच ठेवून पेगी आत जाते. सकाळी डॉन निघून गेलेली असते, चादर घडी करून ठेवलेली, पर्सवर आभाराची चिठ्ठी.

भाची म्हणाली, “पेगी वाईट नाहीये, खाला. तिने पर्स उचलली नाही ना.” खरं आहे, पेगी वाईट नाही. ती चांगली आहे हेच तर अवघड आहे. मला माझ्या आयुष्यातल्या अशा दोन-तीन चांगल्या बायका आठवल्या, ज्यांच्याकडे मी जेवले आहे आणि ज्यांच्या नजरेतला तो एक क्षण मी बघितला आहे. मी चादर नीट घडी करून निघाले आहे.

पुढे कंपनीत दुसरी काळी मुलगी येते, शर्ली. दोघी एकमेकींना भेटल्या की मुद्दाम उलट नावाने हाक मारतात. ही तिला डॉन म्हणते, ती हिला शर्ली. गोरे सहकारी दोघींची नावं सतत गोंधळतात, त्यावरचा हा त्यांचा खासगी विनोद. भाची खदखदून हसली. मला हसू आलं नाही. आमच्या शाळेत मी आणि आणखी एक मुस्लिम शिक्षिका बरोबर काम करायचो. त्या माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, अंगाने स्थूल, गणित शिकवायच्या. चेहऱ्यात साम्य शोधून सापडणार नाही. तरी त्या वेळचे मुख्याध्यापक मला त्यांच्या नावाने आणि त्यांना माझ्या नावाने हाक मारायचे. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे. मग त्यांच्या नावाला ‘हो सर’ म्हणायला लागले. त्या मात्र निवृत्त होईपर्यंत दर वेळी शांतपणे आपलं नाव सांगत राहिल्या. हे लिहिण्याआधी त्यांना फोन करून मी त्या दोन मुलींचा विनोद सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आपल्याला हे सुचायला हवं होतं गं.”

सहाव्या सीझनमध्ये चाव्यांची गोष्ट येते. हॅरी क्रेनची सेक्रेटरी कामाच्या वेळात बाहेर जाते आणि डॉनला सांगते, माझं हजेरीचं कार्ड तू मशीनमध्ये घाल. डॉन घालते. जोनला हे कळतं. ती त्या मुलीला काढून टाकते, पण हॅरी ते होऊ देत नाही, उलट भागीदारांच्या मीटिंगमध्ये घुसून जोनचाच अपमान करतो. डॉन मात्र स्वतःहून जोनकडे माफी मागायला जाते. ती शिक्षेची वाट बघत उभी. जोन तिला सगळ्यांच्या हजेरी कार्डांचं काम देते आणि स्टेशनरीच्या कपाटाच्या चाव्या देते. यामुळे तू कोणाला आवडणार नाहीस, हेही सांगते. डॉन म्हणते, बाकीच्यांचं मला काही नाही, तुमचा राग नसला म्हणजे झालं.

आमच्याकडे यावर दोन तट पडले. ही शिक्षा की बढती? दुल्हाभाई म्हणाले, शिक्षा. मालकाने वाईटपणा दुसऱ्यावर ढकलला, तोही अशा मुलीवर जिच्याशी आधीच कोणी जेवायला बसत नाही. भाची म्हणाली, बढती. चाव्या कधी कोणी शत्रूच्या हातात देतं का? दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी उठून वाट्या धुवायला गेले.

कारण माझ्याकडे ऑफ तासांची वही आहे.

शाळेत न शिकवलेल्यांना सांगते. रोज कोणी ना कोणी शिक्षक रजेवर असतो. त्याच्या वर्गावर कोणीतरी जायला हवं. ज्यांचा तो तास मोकळा असेल त्यांच्यातल्या एकाला पाठवायचं, म्हणजे त्याला ऑफ तास लागला. हे रोज सकाळी वहीत लिहायचं, शिपाई वही फिरवतो, ज्याचं नाव त्याने सही करायची. मोकळा तास म्हणजे चहा, वह्या तपासणं, पाय सैल सोडणं. तो ज्याच्या हातात, तो स्टाफरूममध्ये सगळ्यात नावडता. मुख्याध्यापकांनी वही माझ्याकडे दिली तेव्हा म्हणाले, “मॅडम, तुम्ही कोणाच्या गटात नाही, म्हणून तुमच्याकडे देतोय.” मी घरी येऊन पेढे वाटले नाहीत एवढंच. कोणाच्या गटात नाही याचा अर्थ मला कोणी गटात घेतलेलं नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

वही चालवताना काही गोष्टी न लिहिता पाळायच्या असतात. एक सर दर शनिवारी सकाळी मारुतीला तेल वाहून येतात, तर शनिवारी पहिला ऑफ तास त्यांना द्यायचा नाही. एका बाईंची सून बाळंत झाली तेव्हा महिनाभर शेवटचा तास त्यांना द्यायचा नाही. मी हे सगळं आनंदाने पाळायचे. माणुसकीच आहे ती. सर शनिवारी प्रसादाचं खोबरं आठवणीने माझ्या टेबलावर ठेवायचे.

मग आमच्याकडे एक तरुण शिक्षणसेवक आला. सोलापूरकडचा, विज्ञानाचा, कामाला चोख. शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षं कशी असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मानधनावर राबायचं आणि कोणाला दुखवायचं नाही. शाळा दुपारची. वेळापत्रकात शुक्रवारचा तिसरा तास त्याला मोकळा होता, तेवढ्यात तो जवळच्या मशिदीत जुमा पढून यायचा. एकदा तो माझ्याकडे आला. एरवी मॅडम म्हणायचा, त्या दिवशी म्हणाला, “आपा, शुक्रवारचा तिसरा तेवढा शक्य असेल तर...”

त्या ‘आपा’वर मी सावध झाले. दोनच दिवसांपूर्वी स्टाफरूममध्ये कोणीतरी हसत हसत म्हणालं होतं, आता वही तुमच्याकडे, म्हणजे शुक्रवारी तुमच्या लोकांची मजा. थट्टाच होती. मी त्याला म्हणाले, “सर, वहीत मी असं बघत नाही. ज्याचा मोकळा, त्याला लागणार.” आणि पुढच्या शुक्रवारी तिसरा तास मी त्याला दिला. त्याच्या पुढच्याही. आणि त्याच्या पुढच्याही. बाकी दोन जण त्या तासाला मोकळे होते, त्यातले एक ते मारुतीवाले सर. मला काय दाखवायचं होतं, आणि कोणाला? चौथ्या शुक्रवारी मी दुसऱ्याचं नाव लिहिलं, कारण सगळ्यांना बघून झालं होतं. त्याने पुन्हा कधी मला आपा म्हटलं नाही.

हे मी त्या दिवशी दुल्हाभाईंना आणि भाचीला सांगितलं नाही. पण सातव्या सीझनचा एक भाग पुन्हा लावायला सांगितला. १९६९चा व्हॅलेंटाइन डे. ऑफिसात भागभर घोळ चालतो तो कुठली सेक्रेटरी कुठल्या टेबलावर बसेल याचा. शर्लीच्या टेबलावर तिच्या होणाऱ्या नवऱ्याने पाठवलेले गुलाब असतात. पेगी आता मोठी बाई झालेली, शर्ली तिची सेक्रेटरी. पेगीला वाटतं, गुलाब आपल्याला आले, आणि ती उचलून खोलीत नेते. शर्लीला सांगायची हिंमत होत नाही. शेवटी खरं बाहेर येतं, तेव्हा पेगी चिडून म्हणते, हिला माझ्या टेबलावरून हलवा. तिकडे डॉनच्या साहेबाला डॉन नको झालेली. चूक तिची नसते, त्यानेच बायकोसाठी भेट आणायला पाठवलेलं. जोन बिचारी प्याद्यांसारखी टेबलं हलवते आणि डॉनला स्वागतकक्षात बसवते. मग म्हातारा कूपर येतो. तोच, ज्याला डॉन ड्रेपर खरा कोण याच्याशी देणंघेणं नव्हतं. तो म्हणतो, हिला तिथून काढ, लिफ्टमधून येणाऱ्याला ती दिसते.

दुल्हाभाई बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे त्या डॉनला चालतं, कारण तो दिसत नाही.”

शेवटी जोनला वरच्या मजल्यावर जागा मिळते आणि ती आपली जुनी खोली डॉनला देते. भाची टाळ्या वाजवते. मीही वाजवल्या असत्या. डॉन खुर्चीवर बसते आणि खोली बघते. मला वाटत होतं, आता हजेरीची कार्डं हिच्याकडे, मुलींच्या बदल्या हिच्याकडे. शर्ली उद्या हिच्याकडे काही मागायला येईल. तेव्हा ही काय करेल? मालिका ते दाखवत नाही. डॉनच्या घरीही कॅमेरा कधी जात नाही, मैत्रिणीबरोबर हॉटेलात बसलेली दिसते तेवढंच. मालिकेवरची माझी ही सगळ्यात मोठी तक्रार. डॉन ड्रेपरचं बालपण आपण इतक्या वेळा बघतो, आणि या मुलीला भाऊ आहे एवढंच आपल्याला कळतं. भाची म्हणते, लेखकाला गोऱ्यांचं जगच दाखवायचं होतं, त्यांना जेवढं दिसायचं तेवढंच आपल्याला दिसतं. असेल. पण लेखकाने मोह आवरला की त्याला सुचलंच नाही, हे बघणाऱ्याने कसं ओळखायचं?

शर्लीचं मात्र शेवटी कळतं. मोठी कंपनी या सगळ्यांना गिळते तेव्हा ती रॉजर स्टर्लिंगला सांगते, मी तुमच्याबरोबर येत नाही, विम्याच्या कंपनीत नोकरी मिळाली. जाहिरातीचा धंदा सगळ्यांनाच मानवतो असं नाही, असं अगदी हळू आवाजात म्हणते. रॉजरला वाईट वाटतं. रॉजर चांगला आहे.

आमच्या त्या सरांना दीड वर्षाने त्यांच्या गावाजवळ जागा मिळाली. निरोप समारंभात त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, माझेही, मॅडम म्हणून.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा मी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. त्या वर्षीची वही सापडली, कड वाळवीने खाल्लेली. तीन शुक्रवार. तिसरा तास, आठवी ब, त्यांचं नाव माझ्या अक्षरात, आणि पुढे त्यांची सही. तिन्ही ठिकाणी सही आहे. इतरांसारखी फराटा मारलेली नाही, पूर्ण नाव लिहिलेली आहे.

त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. सोलापूरच्या एका शिक्षक गटात ते अधूनमधून विज्ञानाच्या प्रयोगांचे फोटो टाकतात. भाची पुण्याला परत गेली, रोज विचारते, खाला, फोन केला का? तिला मी शेवटी सगळं सांगितलं होतं. आज जुमेरात आहे. उद्या दोन शिक्षक रजेवर आहेत आणि तिसऱ्या तासाला तीन जण मोकळे आहेत, त्यात मीही आहे. वही उघडून बसले आहे.